त्यांना देव, मला लामोराल

धर्माशिवाय शिक्षण म्हणजे आत्म्याशिवाय देह. हे वाक्य मी लहानपणी दोन माणसांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकलं. एक आमच्या शाळेच्या मुख्य जोगीण, म्हणजे ख्रिस्ती नन, आणि दुसरे माझे मामा. दोघांचाही त्यावर मनापासून विश्वास होता. अडचण एवढीच होती की मुख्य जोगीण म्हणत होत्या तो आत्मा रोमहून यायचा आणि मामांचा रत्नागिरीहून, आणि एका देहात दोघांनी मिळून राहावं हे दोघांनाही मान्य नव्हतं. तो देह मी होते. मला तेव्हा आत्म्यापेक्षा गणिताची जास्त काळजी होती, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. आम्ही मॉरिशसमध्ये सें पिएरला राहायचो. रस्त्याला लागून घर, पुढच्या खोलीत बाबांचं शिलाईचं मशीन, मागे ऊस. बाबा शिंपीकाम करत. त्यांच्या तोंडात दिवसभर टाचण्या असत, त्यामुळे घरातल्या बहुतेक वादांत त्यांचं मत काय आहे हे इतरांनाच ठरवावं लागे. बोलायचं काम आई करायची. आईची मराठी तिच्या पणजोबांबरोबर कोकणातून जहाजात बसून आली होती, आणि त्यानंतर तिला तिकडची काही खबर मिळाली नव्हती. जिथे मराठी शब्द संपे तिथे आई बेटावरच्या क्रेओल बोलीतला शब्द घाली आणि न अडखळता पुढे जाई. फ्रेंच तिला येत नव्हतं. त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं.

प्राथमिक शाळा संपली तेव्हा गावातल्या मास्तरांनी बाबांना सांगितलं की मुलीला गणिताचं डोकं आहे, तिला क्युरपिपच्या जोगिणींच्या कॉलेजात घाला. आमच्याकडे माध्यमिक शाळेलाही कॉलेजच म्हणतात. मुलींची कॉलेजं तशी आणखीही होती, पण तिथे मुलींना शिवण, स्वयंपाक आणि हायजिन शिकवत, आणि गणित म्हणजे वाण्याकडे फसू नये एवढंच. जोगिणींकडे खरं गणित होतं. ते शिकवणाऱ्या बाई काटकुळ्या होत्या, खडू बाहीत ठेवत, आणि वर्गात आल्यावर कुणाकडे न बघता फळ्याकडे बघून बोलत. जोगिणींना सगळेच ‘मासेर’ म्हणत, म्हणजे ‘माझी बहीण’. या मासेरनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक त्रिकोण काढला आणि त्याच्याबद्दल काही बोलण्याआधी आम्हाला विचारलं, ‘हे खरं कशावरून?’ असा प्रश्न त्याआधी मला कुणी विचारला नव्हता. घरात नाही, शाळेत नाही, देवळात तर नाहीच. मी ठरवून टाकलं की इथून हलायचं नाही.

क्युरपिप उंचावरचं गाव. तिथे पाऊस येत नाही, तो तिथेच राहतो आणि अधूनमधून बाहेर जातो. सकाळी बसमधून उतरून ओल्या बुटांनी आम्ही प्रार्थनेला उभ्या राहायचो. प्रार्थना झाली की मुलींची विभागणी व्हायची. कॅथलिक मुली वर्गातच थांबायच्या. त्यांना पहिल्या तासाला कातेशिझम, म्हणजे धर्माचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. बाकीच्या, म्हणजे हिंदू, आमच्याकडे वेगळ्या मोजल्या जाणाऱ्या तमिळ, मुसलमान आणि ज्यांच्या आईबापांचं अजून ठरत नव्हतं अशा चिनी मुली, आम्ही सगळ्या व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत जायचो. आमच्या तासाचं नाव होतं ‘मोराल’, म्हणजे नीतिपाठ. एक वृद्ध मासेर आम्हाला आईचं न ऐकणाऱ्या मुलाची गोष्ट वाचून दाखवत. ते मूल बहुधा तळ्यात बुडे. मग आम्ही शाळेच्या फॅन्सी-फेअरसाठी, म्हणजे देणगीच्या जत्रेसाठी, रुमालांच्या कडा शिवायचो. त्या तासात बरीच मुलं बुडाली आणि बरेच रुमाल झाले.

पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा आई दारात बसून भाजीसाठी शुशूच्या वेलीची पानं निवडत होती.

“काय गो, काय शिकवलानी आज?”

“गणित, फ्रेंच, भूगोल,” मी म्हटलं. “आणि सकाळी पहिल्यांदा लामोराल.”

आईचा हात थांबला. “कुणाला?”

“आम्हाला. ज्या ख्रिस्ती नाहीत त्यांना.”

इथे एक सांगायला हवं. शाळेच्या फ्रेंचमध्ये मोराल म्हणजे नीती. पण आमच्या क्रेओलमध्ये एखाद्याला लामोराल करणं म्हणजे त्याला समोर उभं करून झाडणं. बाप मुलाला लामोराल करतो, सासू सुनेला करते, आणि निवडणूक आली की उमेदवार सगळ्या गावाला करतात. आईला फक्त हाच अर्थ ठाऊक होता.

“किती वेळ केलानी?”

“एक तास.”

“एक तास!” आईने आत वळून हाक मारली. “ऐकलात काय? पयल्याच दिवशी पोरीला तासभर बोलणी! काय केलान हिनं?”

आतून मशीन थांबल्याचा आवाज आला. बाबांनी टाचण्यांमधून काहीतरी म्हटलं. त्याचा अर्थ काहीही लावता आला असता.

“आये, रोज असतं ते,” मी म्हटलं. “तो विषय आहे.”

“बोलणी खाणं हा विषय हाय?”

“नीतीच्या गोष्टी सांगतात गं. आज एक मुलगा तळ्यात बुडाला.”

“बघा! वर मेल्या पोराची भीती घालतायत.” आईने पानांची टोपली बाजूला सारली. “आणि त्या ख्रिस्ती पोरी? त्यांना कोण करतो लामोराल?”

“त्यांना नाही. त्यांना देव शिकवतात.”

आईने टोपली परत पुढे ओढली. “म्हणजे त्यांना देव,” ती म्हणाली, “आणि आमच्या पोरीला बोलणी. आणि फी सारखीच.”

मी पुढचे काही दिवस तिला समजावलं. शब्द एक, अर्थ दोन, असं सांगितलं. तिला ते पटलं नाही, कारण ज्या भाषेत मी समजावत होते त्या भाषेत शब्दाला एकच अर्थ होता.

रविवारी मामा आले. मामा आईचे थोरले भाऊ. राहायला तेर रूजला, नोकरी पोर्ट लुईच्या एका कचेरीत कारकुनाची, आणि रविवारी ते समाजाचे पुढारी असत. बेटावरच्या मराठी माणसांचं काय होणार ही चिंता त्यांनी स्वतःकडे घेतली होती आणि दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नव्हते. त्यांची मराठी छापील होती, भारतातून येणाऱ्या मासिकांतून घेतलेली. ‘संस्कृती’ हा शब्द उच्चारायच्या आधी आणि नंतर ते किंचित थांबत, म्हणजे ऐकणाऱ्याला नीट बसून घेता येई. त्यांच्याकडे एक केशरी फेटा होता. भारतातून आलेल्या कुणा पाहुण्यांनी एकदा तो त्यांच्या डोक्यावर बांधून दिला होता. पाहुणे परत गेले, आणि फेटा बांधता येणारा दुसरा माणूस आमच्या ओळखीत नव्हता. म्हणून मामा तो कधी सोडत नसत. तसाच अलगद उचलून बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवत आणि गणपतीत टोपीसारखा घालत. काळाबरोबर तो थोडा आक्रसला होता, किंवा मामा वाढले होते.

आईने त्यांना सगळं सांगितलं. मामा उठून उभे राहिले.

“रोज? हिंदू म्हणून? बाय, हे धर्मांतराचं पहिलं पाऊल आहे. आधी मन खच्ची करायचं, मग पाणी शिंपडायचं.”

“पाणी नाय शिंपडलानी अजून,” आई म्हणाली. “रुमाल शिवून घेतात.”

“तेच ते!” मामा म्हणाले. मग ते मुद्द्यावर आले. त्यांच्या समितीने तेर रूजला स्वतःचं प्रायव्हेट कॉलेज काढायचं ठरवलं होतं. त्या काळात बेटावर अशी कॉलेजं बरीच निघत होती. मामांच्या कॉलेजची पाटी आधी तयार झाली, मग तिच्याहून जेमतेम मोठं असं एक घर भाड्याने मिळालं, आणि आता विद्यार्थी हवे होते. पहिला तास धर्माचा. आपल्या धर्माचा.

“गणिताला कोण आहे?” मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. “मुलींना हायजिन आहे,” ते म्हणाले. “आणि संस्कृती.”

मामा थोरले होते, घरातली लग्नं तेच जुळवत, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायची घरात पद्धत नव्हती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

“कॉलेजातनं काढायचं मागनं बघू,” आई म्हणाली. “आधी मी जाऊन विचारते त्या बाईला.”

“मी येतो,” मामा म्हणाले. “फ्रेंच कोण बोलणार?”

असे ते दोघं एका सकाळी क्युरपिपला आले. मला वर्गातून मुख्य जोगिणींच्या खोलीत बोलावलं तेव्हा दारातच एक पेच उभा होता. खोलीची जमीन मेण लावून चकचकीत केलेली, आणि समोरच्या भिंतीशी मारीयाची मूर्ती, पुढे लाल दिवा. आईने मूर्ती पाहिली, दिवा पाहिला, चपला दाराबाहेर काढल्या, आत जाऊन मूर्तीला वाकून हात जोडले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या दृष्टीने त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मामा मात्र बुटांसकट उंबऱ्यावर अडले होते.

“दादा, जोडे काढ,” आई मागे न बघता म्हणाली.

“बाय, हे काही देऊळ नाही.”

“दिवा हाय, देव हाय, अजून काय पायजे? काढ.”

धर्मरक्षणासाठी आलेल्या मामांनी मारीयापुढे बूट काढले. बाहेर ठेवायला त्यांना भरवसा वाटेना, म्हणून हातात घेऊन आत आले. मुख्य जोगिणींचे डोळे तोवर आईवरच खिळले होते. ख्रिस्ती मुलींच्या आयाही या खोलीत कधी अनवाणी आल्या नव्हत्या.

मामांनी फ्रेंचमध्ये सुरुवात केली. वाक्य लांब होतं आणि त्यात प्रजासत्ताक, अंतःकरण आणि प्राचीन हे शब्द होते. ते क्रियापदापर्यंत पोचायच्या आत आई क्रेओलमध्ये बोलून गेली.

“मासेर, फी आम्ही सगळ्यांएवढीच भरतो. तर तुमच्या पोरींना बोंजे आणि माझ्या पोरीला लामोराल, असं कशाला?” बोंजे म्हणजे देव.

मुख्य जोगीण पुढे झुकल्या. “म्हणजे तुमच्या मुलीनं देवाच्या तासाला बसावं, असं तुमचं म्हणणं आहे?”

“देव शिकवा, मासेर. बोलायचं काम मी घरी करते. ते बाहेर द्यायची गरज नाय.”

“मादाम,” मामा म्हणाले, दोन्ही हातांत एकेक बूट, “माझ्या बहिणीच्या म्हणण्याचा अर्थ असा की...”

“मस्ये,” मुख्य जोगीण म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, “तुमची बहीण अगदी स्पष्ट बोलली.”

दुसऱ्या दिवसापासून मी कातेशिझमला बसू लागले.

भेटीच्या दिवशी सें पिएरला उतरल्यावर मामा बाबांच्या मशीनपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “हे वर्ष ठीक आहे. वर्ष संपलं की मुलगी माझ्या कॉलेजात. मी स्वतः जाऊन तिचं नाव काढून आणीन.” बाबांनी मान हलवली. ती होकाराची की दोरा तोडण्याची हे कुणी विचारलं नाही, आणि ठरलं असं समजलं गेलं.

म्हणजे माझ्याकडे फक्त ते वर्ष होतं. मी गणिताच्या मासेरना जाऊन सांगितलं की पुढच्या वर्षी मी नसेन. त्यांनी खडू बाहीत सरकवला. “मग लवकर करायला हवं,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षीचं भूमितीचं पुस्तक माझ्या हातात दिलं. सहानुभूतीचा एवढा उपयोगी प्रकार मी नंतर फारसा पाहिला नाही.

कातेशिझम मला सोपं गेलं. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, आणि ते प्रश्नाच्या खालीच छापलेलं. खरं कशावरून, हे विचारायचं नव्हतं. त्यामुळे वेळ वाचे. संध्याकाळी आई भाजी निवडत असे आणि मी समोर उभी राहून फ्रेंचमधली उत्तरं म्हणत असे. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण अडखळलेलं बरोबर कळे.

“थांबलीस. तिथं काय हाय?”

“तिथे पवित्र आत्मा आहे, आये. तो नीट समजत नाही.”

“नाय समजला तर सोड त्याला. पण थांबू नको. थांबलीस की बाई ओळखते.”

शेजारची काकू कुंपणावरून ऐकायची. “काय गो,” ती एकदा आईला म्हणाली, “पोरगी मासेर होणार वाटतं तुझी!”

“झाली तर झाली,” आई म्हणाली. “नवऱ्याचं तरी ऐकायला लागायचं नाय.”

“आणि तुला चालतो तो त्यांचा देव?”

“चालायला काय? आपल्याकडे हायत एवढे, त्यात एक. जरा गोरा हाय. उन्हाला सोसायचा नाय, म्हणून क्युरपिपला ठेवलानी असेल.”

गणपती आला. देवळापुढे लासालवेर घातलं होतं, म्हणजे बांबू आणि पत्र्यांचा मांडव. मामांनी डब्यातून फेटा काढून घातला आणि भाषण केलं. “आज आपल्यातल्याच एका घरात,” ते म्हणाले, “मी नाव घेणार नाही, आपल्या एका लेकीला परधर्माची घोकंपट्टी करावी लागते.” हे म्हणताना ते आमच्याकडे बघत होते, त्यामुळे सगळे आमच्याकडे बघू लागले. नाव घेतलं असतं तर कमी वेळ लागला असता. “पण येत्या वर्षी,” मामा म्हणाले, “ती लेक परत येईल. स्वतःच्या संस्कृतीत.” टाळ्या पडल्या. झाकरीचा, म्हणजे कोकणातून आलेल्या आमच्या नाचाचा, ढोल सुरू झाला. मी मनात वर्तुळाची प्रमेयं म्हणत बसले, कारण मासेरबरोबर आम्ही तिथवर आलो होतो, आणि पुढचं सगळं राहणार होतं.

वर्षाअखेरीला बक्षीस समारंभ होता. आई, बाबा आणि मामा तिघंही आले. मामा समारंभासाठी आले नव्हते. तो संपला की मुख्य जोगिणींना भेटून माझं नाव काढायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी एक फ्रेंच वाक्य पाठ करून आणलं होतं. बसमध्ये ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते. मीही त्याच बसमध्ये होते. ते वाक्य मला अजून येतं.

बक्षिसं द्यायला पोर्ट लुईहून एक मोठे धर्मगुरू आले होते. जांभळा कमरपट्टा, हातात अंगठी, आवाज मऊ. पुढच्या रांगेत साखर-कोठ्यांच्या, म्हणजे ऊसमळे आणि कारखान्यांच्या, मालकांच्या बायका, हॅट घालून. कातेशिझमचं पहिलं बक्षीस सगळ्यात शेवटी द्यायचं, कारण ते सगळ्यात मोठं. माझं नाव पुकारलं गेलं. उत्तरपत्रिकांवर फक्त क्रमांक असत, त्यामुळे हे कुणाला आधी कळलं नव्हतं, किंवा कळलं तेव्हा उशीर झाला होता.

धर्मगुरूंनी माझ्या हातात सोनेरी कडांचं संतचरित्रांचं पुस्तक ठेवलं आणि विचारलं, “कुठल्या पॅरिशची तू, बाळ?”

पॅरिश म्हणजे चर्चचा विभाग. मला वाटलं गाव विचारतायत. “सें पिएर,” मी म्हटलं.

“अरे वा! संत पेत्राचं लेकरू. आणि पहिलं कम्युनियन कधी झालं?” कम्युनियन म्हणजे ख्रिस्ती मुलांचा चर्चमधला विधी, आपल्या मुंजीसारखा.

“झालं नाही, मोन्सेन्योर. आम्ही हिंदू आहोत.”

“आ,” धर्मगुरू म्हणाले. तो ‘आ’ बराच लांब होता. त्यांनी मुख्य जोगिणींकडे पाहिलं, मुख्य जोगिणींनी टेबलावरच्या फुलांकडे पाहिलं. पुढच्या रांगेत एका हॅटखालून कुणीतरी म्हणालं की आता हद्द झाली. त्या बाईंची मुलगी दुसरी आली होती.

समारंभानंतर आम्ही सगळे त्या मेण लावलेल्या खोलीत उभे होतो. मामांनी या वेळी कुणी न सांगता बूट काढले. ते घसा साफ करून आपलं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात मुख्य जोगीणच बोलल्या. त्या अस्वस्थ होत्या. काही पालक येऊन बोलून गेले होते. मुलगी हुशार आहे, यात शंका नाही. पण पुढच्या वर्षी तिने, सगळ्यांच्या सोयीसाठी, पुन्हा मोरालला बसावं हे बरं.

फ्रेंचमधला एक शब्द आईला कळला. “परत लामोराल?” ती म्हणाली. “पयली आली म्हणून?”

मामांचं तोंड उघडंच होतं. त्यात पाठ केलेलं वाक्य तयार होतं. ते निघालंच नाही. जे निघालं ते त्यांनी पाठ केलेलं नव्हतं आणि म्हणूनच बहुधा चांगल्या फ्रेंचमध्ये होतं.

“मादाम, हा अन्याय आहे! तुमचा देव, तुमचे प्रश्न, तुमची परीक्षा, आणि पहिली आमची मुलगी. आणि म्हणून तिला वर्गाबाहेर? तुमच्याच मुलींना तुमचा धर्म येत नाही हा आमचा दोष? ती कातेशिझमला बसेल, मादाम. शेवटच्या वर्षापर्यंत बसेल!”

आपण काय बोललो हे मामांना कळलं तेव्हा ते परत घेण्याइतकी जागा उरली नव्हती. त्यांनी खाली बघून बूट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

त्या दिवशी बाबांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

“पोरगी इथंच राहील,” बाबा म्हणाले. “दादांनीच सांगितलं आत्ता, शेवटच्या वर्षापर्यंत. तासाचं काय ते तुम्ही बघा. तिला आम्ही गणितासाठी घातलंय.” आणि मग, इतकं बोलून गेल्याचं त्यांनाच नवल वाटल्यासारखं, ते खिडकीतून पाऊस बघू लागले.

मुख्य जोगिणींनी थोडा विचार केला आणि गणिताच्या मासेरना बोलावलं. मासेर आल्या, फळा नसल्यामुळे त्यांनी भिंतीकडे बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की पहिल्या तासाला त्या वह्या तपासत बसतात, मुलगी त्यांच्याजवळ बसू शकते. त्यावर सगळ्यांचं भागलं. आईला बोलणी नकोत होती, ती टळली. हॅटवाल्या बाईंना मी कातेशिझममध्ये नको होते, तिथे मी उरले नाही. मामांना आपण जिंकलो असं वाटत होतं, नेमकं काय ते त्यांनी तपासलं नाही. वेळापत्रकात माझ्या नावापुढे त्या तासाला ‘धर्म’ असंच राहिलं, कारण त्या रकान्यात लिहायला दुसरं काही नव्हतं. शाळा संपेपर्यंत रोज सकाळी धर्माच्या तासाला मी गणित केलं.

पुढच्या गणपतीत मामांनी फेटा घालून सांगितलं की ख्रिस्ती लोकांना त्यांचाच देव आपल्या एका लेकीने शिकवून दाखवला. या वेळी त्यांनी नाव घेतलं. टाळ्या आधीच्या वर्षीपेक्षा जास्त पडल्या. आईने शेजारच्या काकूला विचारलं, “कधी शिकवलान हिनं?” काकू म्हणाली, “तू गप बस गो, छान बोलतोय.”

विलायतेतून पेपर येणारी शेवटची परीक्षा मी पास झाले तेव्हा साठचं दशक सुरू झालं होतं. मामांचं कॉलेज तोवर चालू लागलं होतं. घर तेच होतं, पाटी नव्याने रंगवलेली. त्यांना शिक्षक हवे होते, मला नोकरी. समितीने मला मुलाखतीला बोलावलं. मधोमध मामा बसले होते आणि मला ओळखत नसल्यासारखे गंभीर होते.

“कोणता विषय शिकवाल?”

“गणित.”

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलींना गणित सुरू करण्याचा ठराव बैठकीत मांडला गेला होता, पण वेळेअभावी त्यावर चर्चा झालेली नव्हती. रिकामा असा एकच तास होता, पहिला, धर्माचा. धर्म शिकवणारे गृहस्थ सरकारी नोकरीत गेले होते.

“पण मला धर्माचं काय येतं?” मी विचारलं.

“नम्रता आहे,” मामा इतरांना म्हणाले. “धर्माच्या विषयात पहिलं बक्षीस मिळवलेली आपल्या समाजात ही एकटी आहे.”

ते नाकारता येण्यासारखं नव्हतं. मला धर्माचा तास मिळाला. मी वर्गाचं दार लावून घ्यायचे आणि धर्माच्या तासाला मला जे शिकवलं होतं तेच शिकवायचे, म्हणजे बीजगणित. मुलींनी बाहेर काही सांगितलं नाही. काही महिन्यांत त्याही मला ‘खरं कशावरून?’ असं विचारू लागल्या. त्यांच्यातल्या काही जणी बाहेरच्या परीक्षेला गणित घेऊन बसल्या आणि पास झाल्या, ज्या कॉलेजात मुलींना गणित नव्हतंच त्या कॉलेजातून. समितीच्या वार्षिक अहवालात मामांनी या यशाचं श्रेय धर्मशिक्षणाला दिलं, आणि एकमताने ठराव होऊन धर्माचे तास दोन झाले. दुसऱ्या तासाला मी भूमिती घेतली.